मोनो ध्वनिमुद्रणातून स्टीरिओचा आभास कसा निर्माण करावा?

सुरावट:
माझ्या संग्रहात ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवून घेतलेली नाट्यपदे आहेत. सारी मुद्रणे मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच ध्वनी देणारी, असल्याने हेडफोनवर गायक, ऑर्गन आणि तबला एकाच बिंदूत दाटलेले ऐकू येतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकची प्रत करून उजवी बाजू १५ मिलिसेकंद मागे सरकवली, तेव्हा विस्तार जाणवला. परंतु आवाज डावीकडे झुकला, आणि फोनच्या एका स्पीकरवर तेच पद पत्र्याच्या नळीतून आल्यासारखे पोकळ वाटले. यावर उपाय काय?

ध्वनियात्री:
दोन दोषांची कारणे वेगवेगळी आहेत. आधी पोहोचलेल्या ध्वनीच्या दिशेलाच कान स्रोत मानतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखवले आहे. म्हणून आवाज झुकतो. पोकळपणा मात्र दोन्ही बाजू एकत्र झाल्यावर येतो, कारण १५ मिलिसेकंदांच्या विलंबाने ३३, १००, १६७ हर्ट्झ अशा कंप्रता खोडल्या जातात. डेन्मार्कचे होल्गर लॉरिडसेन यांची पद्धत वापरून पाहा: विलंबित प्रत डाव्या बाजूच्या मूळ ध्वनीत मिळवायची आणि उजव्या बाजूतून वजा करायची, म्हणजेच तिथे तिची फेज उलटी करायची. दोन्ही बाजू एकत्र केल्या की प्रत पूर्णपणे नाहीशी होऊन मूळ मोनो जसेच्या तसे परत मिळते. विलंब १० मिलिसेकंद ठेवा, प्रतीची पातळी ६ डेसिबलने उतरवा आणि तिच्यातील २०० हर्ट्झखालचा भाग गाळा. मग डग्गा मध्यभागी राहील.

षड्जपंचम:
वाद्यवृंदाला हे शोभते, पण गळ्याला नाही. या पद्धतीत काही कंप्रता डावीकडे, तर काही उजवीकडे ठळक होतात. षड्ज काळी एकचा, म्हणजे २७७ हर्ट्झ धरला, तर शुद्ध रिषभ ३१२ च्या आसपास येतो आणि १० मिलिसेकंदांच्या विलंबात डावीकडे ठळक होतो; शुद्ध गंधार ३४६ वर असल्याने तो उजवीकडे जातो. रिषभावरून गंधारावर मींड घेताना, म्हणजे सलग घसरत जाताना, स्वराचा मूळ घटक एका कानातून दुसऱ्या कानात सरकतो, आणि मींडेचा सारा जीव तिच्या सलगपणात असतो. म्हणून गायन व वाद्ये वेगळी करणाऱ्या डेम्यूक्ससारख्या साधनाने गायन वेगळे काढून मध्यभागी ठेवावे आणि ही प्रक्रिया केवळ साथीवर करावी. ऑर्गन गायकाच्याच स्वरांवर चालत असल्याने तो गायनाच्या ट्रॅकमध्ये थोडा मिसळलेला राहतोच. तो खरवडून काढण्याच्या नादात गळ्याचा दाणा बिघडवू नये.

ध्वनियात्री:
हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र तबकडीची खरखर आणि टकटक आधी काढून घ्या, कारण विलंबित प्रतीत प्रत्येक टकटक दुसऱ्यांदा उमटते आणि नंतर ती साफ करणे फार कठीण जाते.