अलाइनमेंटआधी चाक हलवून बघा
दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही गाडी डावीकडे ओढते म्हणताय, तर तिसऱ्यांदा पैसे घालवू नका. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे किंचित ओढ चालायचीच. जास्त असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला (एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील तर). ओढ उजवीकडे गेली की दोष टायरचा. फेरफटका मारून आल्यावर डावी रिम उजवीपेक्षा जास्त तापली असेल, तर ब्रेक चिकटतोय.

यातलं काही नसेल तर गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा). डावी-उजवीकडे धरून खेळ आला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश उजेडात नीट बघा. रबर फाटलं असेल तर ब्रेक मारताना चाक जागा सोडतं, मग अलाइनमेंट मशीनवर आकडे कितीही हिरवे (म्हणजे बरोबर) दिसोत.

बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो (चाकं आत-बाहेर वळण्याचा कोन) जुळवता येतो. कँबर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) किंवा कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बिघडला की काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. अलाइनमेंटच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या, आधीची आणि नंतरची. आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं म्हणालात, ते आधी बॅलन्सिंगमध्ये (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्यात) शोधा.