प्रति: सूर्य मावळल्यावर काय?

वर विचारलंय की सौरऊर्जा दिवसाच मिळते, मग संध्याकाळच्या मागणीसाठी कोळसा जाळण्याला पर्याय काय? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं एक उत्तर सह्याद्रीत उभं आहे.

अकोले तालुक्यातल्या घाटघरला एक जलाशय कड्यावर आहे, दुसरा खाली कोकणात, शहापूरच्या बाजूला. वीज जास्त असते तेव्हा तिच्यावर पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवायची. १२५ मेगावॉटचे दोन संच. चढवायला जेवढी वीज लागते, त्याच्या साधारण तीन चतुर्थांश परत मिळते. तूट आहेच, पण दुपारची सौरवीज वाया घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. शिवाय कोयनेसारखं पाणी एकदा वापरून पश्चिमेला निघून जात नाही. मात्र असे नवे प्रकल्प घाटातल्या जंगलांवरच येणार आहेत. जागा निवडताना घाई झाली तर मी विरोधातच असेन.

दुसरं, सगळीच मागणी रात्रीची असावी असं कुठे आहे? शेतीपंपाला रात्रीची वीज देणं ही आपणच लावलेली सवय. थंडीत, बिबट्याच्या भीतीत, हातात बॅटरी घेऊन पिकाला पाण्याचे बारे द्यायला जाणारा शेतकरी ती भोगतो. शेतीपंपांना सौरप्रकल्पांतून दिवसा वीज देणारी, २०१७ पासूनची राज्याची सौर कृषी वाहिनी योजना नेमकी हीच मागणी दिवसा आणते, तेही साठवणुकीचा खर्च न करता. मला विचाराल तर पहिला पैसा इथे जायला हवा.