पट्टा तोच, गोष्ट वेगळी

'पोर्शेची १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ म्हणजे नुसत्या आठवणींचा भाव, गाडी म्हणून २०१६ ची ९११ आरच सरस', हे मत मला अर्धंच पटलं. आकड्यांत तुलनाच नाही हो! तिकडे २.७ लिटर, २१० हॉर्सपॉवर. इकडे ४ लिटर आणि ५००.

पण आरएस शोकेससाठी जन्मलीच नव्हती. रेसमध्ये उतरवायची तर नियमाप्रमाणे ५०० गाड्या बनवणं भाग होतं, आणि त्या खपतील का याचीच पोर्शेला धाकधूक. शेवटी १,५८० बनल्या. हलक्या आवृत्तीत पत्रा पातळ, काचा पातळ, मागची सीट गायब, घड्याळसुद्धा काढलेलं. दार उघडायला आतून साधा पट्टा. वजन ९६० किलोच्या आसपास. मागचं ते बदकाचं शेपूट (म्हणजे स्पॉयलर) दिसायला गोड असलं, तरी काम वेगात मागची चाकं जमिनीला धरून ठेवण्याचं.

९११ आर मध्येही दाराला तसाच पट्टा आहे. इथे मात्र तो थोडा नॉस्टॅल्जिया म्हणून. (छप्पर मॅग्नेशियमचं, वजन १,३७० किलो, तेव्हा काटकसर अगदीच खोटी नाही.) संख्या ठरवून ९९१, म्हणजे ९११ च्या त्या पिढीचा कोड नंबर. दुर्मिळता आधीच आखलेली.

भावाचं म्हणाल तर, तेव्हाच्या जीटी३ ला (९११ चीच आणखी एक वेगवान आवृत्ती) मॅन्युअल गिअर मिळत नव्हते, आर ला होते, म्हणून आर चे भाव आकाशाला भिडले. २०१७ च्या जीटी३ ला मॅन्युअल आलं आणि ते खाली आले. आरएसला असा धक्का कोण देणार? माझ्याकडे पैसे असते तर आरएसच. नाहीत, म्हणून वाद घालतोय.