अनुभव धागा: विंडोजमधला बॅकअप लिनक्सवर कसा आणलात?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट थांबला. धडधाकट असूनही विंडोज ११च्या अटींत न बसणाऱ्या मशीनवर अनेकांनी लिनक्सचं मिंट किंवा उबुंटू टाकलं. ते टाकणं सोपं असतं. खरी कसोटी आधी घेतलेला बॅकअप उघडताना लागते, कारण डिस्कवर नेहमी साध्या फाइलीच असतात असं नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे की विंडोज पुसण्याआधी बॅकअप लाइव्ह पेनड्राइव्हवरच्या (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) लिनक्समधून उघडून पाहा. तुमचे अनुभव बारकाव्यांसह लिहा.

सोलापूर, डीटीपीचं काम

माझ्याकडे मराठी नावांच्या फाइलींचा डोंगर आहे. एक्स्टर्नल डिस्कवरून आरसिंकने (लिनक्सवरचं फाइली कॉपी करण्याचं साधन) कॉपी करताना काही फाइलींवर 'फाइल नेम टू लाँग' असा एरर आला. त्यातलंच एक नाव: 'दिवाळी अंक २०१९ - तालुकास्तरीय निबंध स्पर्धा - प्रथम क्रमांक विजेता निबंध - मुद्रितशोधन झालेली अंतिम प्रत'. विंडोजवर हे नाव बिनतक्रार चालायचं.

कारण असं की एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइली ठेवण्याची विंडोजची पद्धत) नावाला २५५ अक्षरांची मुभा आहे, तर ईएक्सटी४मध्ये (लिनक्सची पद्धत) २५५ बाइट्सची. यूटीएफ-८मध्ये (लिनक्स ज्या पद्धतीने अक्षरं साठवतं ती) देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट्स खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे सुटे मोजले जातात, म्हणजे 'स्पर्धा' या छोट्या शब्दाचेच २१ बाइट्स झाले. एकूण ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. इंग्रजी नावं ठेवणाऱ्यांना हे कधी जाणवणारही नाही. मराठीत काम करणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवायलाच हवं. मी अशी नावं विंडोजवरच छोटी केली आणि मग कॉपी केली.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर लिनक्सवर अगम्य दिसतो. मजकूर शाबूत असतो, फक्त फाँट नसतो. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधल्या टीटीएफ (फाँटच्या) फाइलीही बॅकअपमध्ये घ्या.

नाशिक, शाळेत शिक्षक

लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमधला बॅकअप लिनक्सवर दिसत होता, वाचताही येत होता, पण त्यात काही लिहिता येईना. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. शिफ्ट दाबून शटडाउन केलं आणि ड्राइव्ह मोकळा झाला.

पुणे, हिशेबाची कामं

आमच्या ऑफिसात फाइल हिस्टरी (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारी विंडोजची सोय) वापरायचो. तिच्यात प्रत्येक आवृत्तीच्या नावापुढे कंसात तारीख, वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेलं असतं. एकाच एक्सेलच्या पंधरा-वीस प्रती! ती वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते, त्यामुळे रात्री उशिरा केलेलं काम शोधताना तारखेचा घोळ होतो. नुसत्या ताज्या प्रती हव्या असतील तर विंडोज असतानाच तिथल्या रिस्टोअरने वेगळ्या फोल्डरमध्ये काढून घ्या, मूळ नावं परत मिळतात. मी लिनक्सवर स्क्रिप्ट लिहून तेच केलं, पण जुन्या प्रती फेकल्या नाहीत. हिशेबात त्या लागतात.

ठाणे, निवृत्त

विंडोज ७पासूनच्या 'बॅकअप अँड रिस्टोअर'चा बॅकअप होता. आत पाहिलं तर झिप फाइलींची रांग. लिनक्सवर त्या सहज उघडल्या, फोटो निघाले. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ मात्र मोठा असल्यामुळे दोन झिपमध्ये तुटून पडलेला. भाच्याच्या विंडोज लॅपटॉपला डिस्क लावून तिथून रिस्टोअर केला, तेव्हा अख्खा मिळाला.

बेळगाव, विद्यार्थिनी

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावलेली डिस्कही लिनक्सवर उघडते. क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या साधनात २०२०पासून ती सोय आहे. पण पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की जवळ हवीच. मी ती आधीच वहीत उतरवून ठेवली होती.

वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) फोल्डरचंही सांगते. ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली डिस्कवर नसतातच, नुसतं नाव असतं. कॉपी करण्याआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबा.

सोलापूर, पुन्हा

वरच्या ताईंना विचारायचं होतं: बिटलॉकरची डिस्क उघडल्यावर तिच्यात लिहिताही येतं का, की फक्त वाचता येतं?

बेळगाव

माझ्याकडे लिहितासुद्धा आलं. तरी मी बॅकअपची डिस्क फक्त वाचण्यासाठीच जोडते. सगळी कॉपी झाली, दोन्हीकडचे चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते तपासणारे आकडे) जुळले, की मगच तिला हात लावायचा.