‘पुनरुत्थान’ म्हणजे पुनर्जन्मच का?

प्रश्न:
शेजारच्या ख्रिस्ती काकू गेल्या महिन्यात वारल्या. आमचं तीस वर्षांचं घरोब्याचं नातं. घरी झालेल्या प्रार्थनेत त्यांच्या चर्चचे पाळक दोनदा म्हणाले, ‘पुनरुत्थानाच्या आशेने’. नंतर काकूंच्या लेकीला चार ओळी लिहायला बसले आणि ‘त्या पुन्हा तुझ्याच पोटी जन्माला येवोत’ असं लिहून गेले. पाठवताना हात थांबला. पुनरुत्थान आणि पुनर्जन्म हे दोन शब्द एकच आहेत का?

प्रतिसाद (गुरुवार पेठ):
थांबलात ते बरं झालं. तुमचा जिव्हाळा तिला कळला असता, पण वाक्य आमच्या श्रद्धेला धरून नाही. पुनर्जन्मात जुना देह सुटतो आणि नवा मिळतो, नाव-नाती सगळी बदलतात. पुनरुत्थानात मेलेला माणूस उठतो आणि तोच राहतो. लूकच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांना आपले हातपाय दाखवतो, भाजलेल्या माशाचा तुकडा मागून खातो. योहानाच्या शुभवर्तमानात तर जखमाही तशाच आहेत. आमच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत, ‘देहाचे पुनरुत्थान’ असे शब्द आहेत, नुसतं आत्म्याचं अमरत्व नाही.

‘पुनरुज्जीवन’सुद्धा इथे चालत नाही. येशूने जिवंत केलेला लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला, पण तो याच मर्त्य आयुष्यात परतला, म्हणजे मरण पुढे होतंच. ख्रिस्त मात्र पुन्हा मरत नाही, असं प्रेषित पौल रोमकरांस पत्रात स्पष्ट लिहितो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात तो बियाण्याचा दाखला देतो: पेरतो ते दाणा, उगवतं ते रोप. तेच, तरी निराळं. मला स्वतःला इतकं समर्पक दुसरं काही सापडलेलं नाही.

प्रतिसाद (सदाशिव पेठ):
मी ख्रिस्ती नाही, संस्कृत शिकवतो, म्हणून फक्त शब्दाविषयी. उद् + स्थान = उत्थान; संधीत ‘स’ लोपतो. मूळ धातू ‘स्था’, उभं राहणं. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द आहे ‘अनास्तासिस’. ‘अना’ म्हणजे वर किंवा पुन्हा आणि ‘स्तासिस’ म्हणजे उभं राहणं. हा ‘स्ता’ आणि आपला ‘स्था’ एकाच कुळातले! म्हणजे पुनरुत्थान हा नुसता भावानुवाद नाही, तो जवळजवळ अवयवाला अवयव लावून बसतो. घोटाळा होतो तो ‘पुनर्’मुळे. तो दिसला की आपल्याला लगेच जन्म आठवतो. खरा भार ‘उत्थान’वर आहे: आडवा झालेला उभा राहिला.

शिवाय उत्थान म्हणजे झोपेतून उठणंही. कार्तिकी एकादशीला देवोत्थानी म्हणतात ते त्याच अर्थाने. कथा अगदी वेगळी, शब्द तोच.

प्रतिसाद (गुरुवार पेठ):
झोपेचं बरोबर सांगितलंत. नव्या करारात दुसरं क्रियापद येतं ते ‘एगेइरो’, म्हणजे जागं करणं, उठवणं. याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या मुलीला येशू अरामी भाषेत म्हणतो, ‘तलीथा कूम’, मुली, ऊठ. आई सकाळी शाळेसाठी हाक मारते तितकं साधं.

आणि मराठीत आपल्याला एक सोय आहे: ‘उठला’ आणि ‘उठवला’. प्रेषितांच्या भाषणांत पुष्कळदा येतं की देवाने त्याला उठवलं. आमच्यासाठीही क्रियापद प्रयोजकच आहे. आपल्या बळावर कोणी उठत नाही. म्हणून बाप्तिस्म्यातही आपण ख्रिस्ताबरोबर उठवले गेलो असं मानतात, ते शेवटच्या दिवसापुरतं ठेवत नाहीत. माझे वडील दारू सुटल्यावर साक्ष देताना ‘मी सुधारलो’ कधी म्हणाले नाहीत. ‘मला प्रभूनं उठवलं’ म्हणायचे.

ईस्टरच्या पहाटे पंचहौदच्या देवळात गेलात तर ‘पुनरुत्थान’ उपासनेत ऐकाल. बाहेर आल्यावर मात्र लोक एकमेकांना ‘प्रभू उठला आहे’ म्हणतात आणि उत्तर येतं, ‘खरोखर उठला आहे’.

प्रश्नकर्ती:
ते वाक्य खोडलं. आता लिहिलंय: ‘काकू झोपल्या आहेत. उठतील तेव्हा त्या काकूच असतील, असं तुमचे पाळक म्हणाले ते मला आता समजलं.’ हे चालेल का?

प्रतिसाद (गुरुवार पेठ):
चालेल. आजच पाठवा.