काकू, सात जणांनी ऐकलं तर चालेल का?

तिसरंवर्ष
मेडिसिनच्या पोस्टिंगला एका काकूंना मायट्रल स्टेनोसिस होता, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झालेली. त्यामुळे ठोक्यांच्या मधे जो जादा आवाज येतो ती मर्मर. “क्लासिक मर्मर आहे, सगळ्यांनी ऐकून घ्या,” म्हणून सर पुढच्या खाटेकडे गेले. आम्ही सात जण. काकूंनी डाव्या कुशीवर वळायचं, श्वास सोडून रोखायचा, आम्ही अपेक्सवर (हृदयाच्या टोकापाशी) स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, टेकवायची. असं सात वेळा. चौथ्याच्या वेळी त्यांना धाप लागली. पाचव्याच्या वेळी त्यांनी काही न बोलता गाऊन स्वतःच बाजूला केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

माझा नंबर सहावा. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सर परत आले, “आला ऐकू?” मी म्हटलं, “हो सर.”

तेव्हापासून माझं मत ठाम झालंय. हात लावण्याआधी विचारायचं, किती जण आहोत तो आकडा सांगायचा आणि ‘नको’ म्हटलं तर निमूट मागे फिरायचं. स्टेथोस्कोप टेकवून झाल्यावर “चालेल ना?” विचारणं ही परवानगी नव्हे.

जुनाखांब
असहमत. तीस वर्षं शिकवतोय. ही मर्मर खोल, घरघरती असते, मला स्वतःला ती पहिल्या कित्येक पेशंटमध्ये सापडली नव्हती. नामवंत डॉक्टर-शिक्षक ऑस्लरने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकांवरून उठवून वॉर्डात नेलं ते उगाच नाही. आकडा सांगून परवानगी मागाल तर दहातले आठ पेशंट नको म्हणतील, आणि मग उद्या त्यांच्याच नातवाची मर्मर कोण पकडणार? शिकवणाऱ्या रुग्णालयात आलेल्या पेशंटला विद्यार्थी येणार हे माहीत असतं.

तिसरंवर्ष
माहीत असतं? कोणी सांगितलेलं असतं, सर? छातीत कळ येऊन आलेला माणूस दारावरची पाटी वाचत बसत नाही.

आणि तुमच्या गळ्यातला स्टेथोस्कोप मुळात आला कुठून? 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरसमोर हृदयविकाराची एक तरुण स्त्री होती. तिच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली. आवाज उलट जास्त स्पष्ट आला! पेशंटचा संकोच सांभाळला म्हणून विद्या अडली नाही.

यंत्रप्रेमी
एवढा वाद कशाला? हृदयाचे आवाज काढणारा ‘हार्वे’ नावाचा पुतळा 1968 पासून आहे. सातशे जणांनी ऐका, त्याला धाप लागत नाही.

जुनाखांब
पुतळ्याला चरबी नसते, केस नसतात, शेजारच्या खाटेवर कोणी खोकत नसतं. सुरुवातीला ठीक आहे, पुढे काय?

खाट_नऊ
मी डॉक्टर नाही. पाच आठवडे वॉर्डात होतो, प्लीहा (स्प्लीन) वाढलेली. पोट किती जणांनी दाबलं ते मोजणं मी दुसऱ्या दिवशी सोडलं. तुम्ही दोघं आकड्यावर भांडताय, मला आकड्याचा त्रास नव्हता. माझ्या पोटावर हात ठेवून माझ्या डोक्यावरून आपसात बोलायचे, त्याचा होता. “स्प्लीन मस्त लागतेय.” मस्त!

एक मुलगी मात्र संध्याकाळी एकटी आली, स्टूल ओढून बसली आणि अर्धा तास हिस्ट्री घेत राहिली. मधली एक गोळी मी मळमळतं म्हणून गुपचूप बंद केली होती. मोठ्या डॉक्टरांना सांगायची हिंमत नव्हती, तिला सांगितलं. तिने तिथल्या तिथे विचारलं, “हे मी सरांना सांगू का?” मी हो म्हटलं. त्यानंतर तिने शंभरदा पोट दाबलं असतं तरी चाललं असतं.

तिसरंवर्ष
काका, तेच तर म्हणतेय! विचारलं तर लोक देतात. न विचारण्याची सवय लागली की ती कुठवर जाते बघा: भूल दिलेल्या बाईची आतली तपासणी विद्यार्थ्यांनी तिच्या नकळत करायची. अमेरिकेत एप्रिल 2024 मध्ये सरकारला रुग्णालयांना बजावावं लागलं की यासाठी आधी संमती घ्या. 2024!

जुनाखांब
भुलेतल्या तपासणीबद्दल माझं दुमत नाही, ती लेखी संमतीशिवाय नाहीच. पण जाग्या पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावणं त्याच मापाने मोजू नका.

बाकी तुझ्या सगळ्या लेखात मला खटकलं ते “हो सर”. काकूंना सहाव्यांदा कुशीवर वळवलंस, तुला ऐकू आलं नाही आणि तू खोटं बोललीस. त्यांचा तो श्वास फुकट गेला.

मागच्या_रांगेतला
“नाही सर” म्हटलं की पुढे काय होतं ते सरांना माहीत नसावं. आमच्या बॅचमध्ये एकाने म्हटलं होतं. अख्ख्या राउंडभर “कान साफ करून आलास का?” सुरू होतं. त्यानंतर आम्हा सगळ्यांना सगळंच ऐकू येतं. न वाढलेली स्प्लीनसुद्धा लागते.

जुनाखांब
हे मात्र आमच्याकडून होतं. मीही केलंय.

तिसरंवर्ष
काल पुन्हा गेले. एकटी. काकूंना म्हटलं, परवा मला ऐकू आलं नव्हतं, अजून एकदा चालेल का? म्हणाल्या, “गार हाताची ती तूच ना? आधी हात चोळ.” चोळले. पहिला ठोका खणखणीत लागला. मर्मर अजूनही नाही. सरांना तसंच सांगितलं, हसले नाहीत.

जुनाखांब
बेल दाबून धरत असशील. दाबली की खालची कातडी ताणते, बेलचा डायफ्रॅम (उंच सूर पकडणारी सपाट बाजू) होतो आणि खालचे सूर गायब. नुसती टेकव. आणि हो, काकूंना विचारून.