मदत हवी आहे: स्क्रीन लॉक झाली की बरोबर पासवर्डही घेत नाही, रिस्टार्टशिवाय इलाज नाही

शब्दवेल्हाळ (धागाकर्ती)
लॅपटॉपवर लिनक्स आहे. जरा उठून स्वयंपाकघरात गेलं की मागे स्क्रीन लॉक होते. परत येऊन पासवर्ड टाकते, तर "अनलॉकिंग फेल्ड". पुन्हा टाकते, पुन्हा तेच. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, कारण रिस्टार्ट केल्यावर तोच पासवर्ड निमूट घेतो. रोज होत नाही, पण होतं तेव्हा नेमकं कामाच्या भरात होतं, आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. आज एका भाडेकरारनाम्याचा अर्धा अनुवाद गेला. तो उद्या सकाळी वकिलांकडे पोचवायचा आहे.

लॉकच बंद करा असं कृपया सांगू नका. लोकांची खासगी कागदपत्रं या मशीनवर असतात. कारण माहीत असेल तर सांगा. घाई आहे.

टर्मिनलबाबा
कुठलं लिनक्स? डेस्कटॉप कुठला? स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा एक्स११ की वेलँड? नुसतं "लिनक्स आहे" एवढ्यावर कुणी काय सांगणार?

शब्दवेल्हाळ
मांजारो. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि हा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून भाच्याने बसवून दिलं. तो आता बंगळुरूला असतो, फोन उचलत नाहीये. बाकीचं कुठे बघायचं?

टर्मिनलबाबा
सिस्टिम सेटिंग्ज उघडा, "अबाउट धिस सिस्टिम" बघा. तिथे प्लाझ्मा या डेस्कटॉपचा आकडा आणि ग्राफिक्स प्लॅटफॉर्म लिहिलेला असतो.

काळापडदा
हे मला पाठ आहे. केडीई प्लाझ्मात लॉक स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम वेगळा असतो, केस्क्रीनलॉकर_ग्रीट. तो कोसळला की सगळं काळं होतं आणि पांढऱ्या अक्षरांत सूचना येते की स्क्रीन लॉकर मोडला आहे, आता इथून उघडता येणार नाही. घाबरायचं नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा (लॅपटॉपवर कधी कधी एफएन पण सोबत दाबावं लागतं), नुसत्या अक्षरांच्या काळ्या लॉगिनवर नाव-पासवर्ड टाका आणि लिहा: लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन, पुढे सेशनचा आकडा. आकडा माहीत नसेल तर आधी लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ१ किंवा एफ२ ने परत या. काम जसंच्या तसं उघडं असतं, काही जात नाही.

कारण बहुतेक वेळा एकच: चालू सेशनमध्ये अपडेट मारलेला असतो. डेस्कटॉप जुन्या लायब्रऱ्यांवर चालू असतो आणि लॉकर नव्यांवर उठायला जातो. मांजारोचे अपडेट गठ्ठ्याने येतात, त्यामुळे मोठा अपडेट झाला की रिस्टार्ट करायलाच हवा.

टर्मिनलबाबा
माहिती बरोबर आहे, पण काळी स्क्रीन येते असं ताई कुठे म्हणाल्या? "अनलॉकिंग फेल्ड" दिसतंय म्हणजे लॉकर जिवंत आहे, पासवर्ड विचारतोय आणि नाकारतोय. हे दुखणं वेगळं.

निवांतपुदिना
मांजारो काढून टाका आणि लिनक्स मिंट टाका. दोन तासांचं काम. घरच्या वापराला रोलिंग, म्हणजे सतत अपडेट येत राहणारा प्रकार कशाला हवा? आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना मीच मिंट बसवून दिलंय, कुणाची काही तक्रार नाही.

टर्मिनलबाबा
उद्या सकाळी काम द्यायचं असणाऱ्या माणसाला आज रात्री नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला सांगताय?

निवांतपुदिना
उद्या दुपारी टाकतील. मूळ दुखणं तर जाईल.

गुरुवारकर
ताई, हे गुरुवारी होतं का? आमच्या भागात देखभालीसाठी वीज गुरुवारीच जाते. लॅपटॉपची बॅटरी जुनी असली की वीज गेल्यावर तो झोपतो आणि उठताना अर्धवट उठतो. कोथरूड, कर्वेनगर भागात असाल तर आधी बॅटरी तपासा. तपकीर गल्लीतल्या दुकानात नेऊन दाखवलीत तर लगेच सांगतील.

शब्दवेल्हाळ
एकेकाला उत्तर देते. प्लाझ्मा ६, वेलँड. काळी स्क्रीन येत नाही. घड्याळ, फोटो, पासवर्डचा चौकोन सगळं नीट दिसतं आणि टाइप केलं की ठिपके उमटतात. गुरुवारचा संबंध नाही, बॅटरी याच वर्षी बदलली आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ भाच्याने मागे एकदा शिकवलं होतं. आज करून पाहिलं, तिथेही पासवर्ड नाकारतो. आता बोला.

चाव्याजुडगा
तिथेही नाकारतो हे महत्त्वाचं आहे. पासवर्ड तपासणारा एक छोटा मदतनीस प्रोग्राम असतो, युनिक्स_सीएचकेपीडब्ल्यूडी. लॉकर साध्या युजरच्या अधिकारात चालतो, त्यामुळे पासवर्डची मूळ फाइल त्याला वाचता येत नाही. तो या मदतनीसाला विचारतो. मदतनीसाचे खास अधिकार उडाले की लॉकर बरोबर पासवर्डही नाकारतो. कुणी बॅकअप परत टाकताना किंवा सीएचमॉड (फाइलींचे अधिकार बदलणारी कमांड) फिरवताना असं होतं. पॅम (पासवर्ड तपासणारी यंत्रणा) हे पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा.

टर्मिनलबाबा
तसं असतं तर काळ्या लॉगिनवर पासवर्ड चालला असता, कारण तिथला लॉगिन प्रोग्राम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या अधिकारात असतो. शिवाय रोज, प्रत्येक लॉकला झालं असतं. यांच्याकडे कधीमधी होतं आणि रिस्टार्टने जातं.

चाव्याजुडगा
मान्य. माझ्याकडे झालं होतं तेव्हा प्रत्येक वेळी होत होतं.

दोनबोटीटंकक
ताई, मला तिसरंच काहीतरी वाटतंय. पाच प्रश्न आहेत, सगळ्यांची उत्तरं द्या.

तुमच्या पोस्ट स्वच्छ देवनागरीत आहेत. त्याच लॅपटॉपवरून लिहिताय का? कुठल्या कीबोर्डने? इंग्रजी-मराठी कसं बदलता? हे दुखणं अनुवाद करताना होतं की मेल बघतानाही होतं? आणि काळ्या लॉगिनवर पासवर्ड विचारताना खाली-वर एखादी इंग्रजी ओळ येते का?

शब्दवेल्हाळ
हो, याच लॅपटॉपवरून. इनस्क्रिप्ट, भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड. ऑल्ट-शिफ्टने बदलते. मी दिवसभर मराठीतच टाइप करते, त्यात सांगण्यासारखं काय आहे? सकाळी मेल बघते तेव्हा कधी झालेलं नाही, काम करतानाच होतं. आणि हो, एक ओळ येते, आता मुद्दाम थांबून वाचली: "द अकाउंट इज लॉक्ड ड्यू टू ३ फेल्ड लॉगिन्स", पुढे कंसात किती मिनिटं उरली ते. पण तीन वेळा मी बरोबरच पासवर्ड टाकला होता!

दोनबोटीटंकक
सापडलं. दोन गोष्टी एकमेकींवर चढल्या आहेत, म्हणून कुणाला उलगडत नाहीये.

पहिली. तुम्ही मराठीत टाइप करता करता उठता. स्क्रीन लॉक होते, पण कीबोर्डचा लेआउट (कुठल्या बटणाला कुठलं अक्षर) मराठीच राहतो. परत येऊन पासवर्डची बटणं दाबता ती बरोबरच, पण के दाबलं की क जातो, एच दाबलं की प, जे दाबलं की र, आणि डी दाबलं की नुसता हलन्त. चौकोनात ठिपकेच दिसतात, त्यामुळे डोळ्यांना काही फरक कळत नाही. लॉक स्क्रीनच्या खाली डाव्या कोपऱ्यात लेआउटचं नाव बारीक दिसतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

दुसरी. मांजारो हे आर्च लिनक्सवर बेतलेलं आहे आणि आर्चमध्ये २०२० पासून फेललॉक नावाचं पॅमचं मॉड्यूल आपोआप चालू असतं. पंधरा मिनिटांत तीन चुकीचे पासवर्ड गेले की खातं दहा मिनिटांसाठी बंद. त्या दहा मिनिटांत खरा पासवर्ड टाका, इंग्रजीत टाका, काळ्या लॉगिनवर टाका, तो नाकारणारच. काळ्या लॉगिनवर मराठी लेआउट नसतो, तिथे इंग्रजीच उमटतं. तरी नाकारला म्हणजे खातंच कुलूपबंद आहे, हे तुमच्या त्या एका ओळीवरून पक्कं झालं.

रिस्टार्टने का सुटतं? फेललॉकची नोंद /रन/फेललॉक इथे असते आणि /रन हे सगळं मेमरीत असतं. मशीन बंद झालं की नोंद पुसली जाते. नव्या लॉगिनला लेआउटही इंग्रजीच असतो. दोन्ही अडचणी एकदम गेल्या की वाटतं लॉकरच बिघडला होता.

आता करून बघा: साधी फाइल उघडा, मराठी लेआउट ठेवा, सुपर-एल ने (सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाचं बटण) लॉक करा. पासवर्ड टाकू नका. आधी डावा कोपरा बघा. ऑल्ट-शिफ्ट दाबा, नाव बदललं की मगच पासवर्ड.

काळापडदा
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. तरी एक: काळ्या लॉगिनवर रूटने गेलात तर आत जाता येतं. फेललॉक मुद्दाम सांगितल्याशिवाय रूटला अडवत नाही.

शब्दवेल्हाळ
झालं!! कोपऱ्यात "मराठी" दिसत होतं. ऑल्ट-शिफ्ट दाबल्यावर इंग्रजी झालं आणि पहिल्या फटक्यात उघडलं. मुद्दाम पुन्हा मराठीत ठेवून एकदा पासवर्ड टाकून पाहिला, लगेच "अनलॉकिंग फेल्ड". हेच. मनापासून आभार. आता असं सांगा की मला दर वेळी कोपरा बघावा लागणार नाही. कामाच्या तंद्रीत माणूस सरळ टाइप करतो.

दोनबोटीटंकक
तीन वाटा आहेत.

सर्वांत सोपी: सिस्टिम सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सखाली स्क्रीन लॉक झाल्याच्या घटनेला एखादी कमांड जोडता येते. तिथे ही जोडा: क्यूडीबस ऑर्ग.केडीई.कीबोर्ड /लेआउट्स सेटलेआउट ०. शून्य म्हणजे यादीतला पहिला लेआउट, तो इंग्रजी असला पाहिजे. स्क्रीन लॉक झाली की लेआउट आपोआप इंग्रजी. आल्यावर मराठीसाठी एकदा ऑल्ट-शिफ्ट दाबायचं, एवढंच. मांजारोवर या कमांडच्या नावाला शेवटी ६ लागलेला असू शकतो. टर्मिनलमध्ये आधी चालवून बघा, मग जोडा.

दुसरी: /ईटीसी/सिक्युरिटी/फेललॉक.कॉन्फ या फाइलमध्ये डिनाय = ३ च्या जागी दहा करा. ओळीच्या सुरुवातीचं हॅश काढायला विसरू नका. रिस्टार्ट लागत नाही. डिनाय = ० केलं तर हे कुलूपच बंद होतं, पण ते मी सुचवणार नाही. आणि खातं कधी अडकलंच तर रूटमधून: फेललॉक --युजर तुमचं-नाव --रीसेट. दहा मिनिटं बसायची गरज नाही.

तिसरी: मराठी हा कीबोर्ड लेआउट म्हणून न ठेवता एफसीआयटीएक्स५ सारख्या इनपुट मेथडमधून (टाइप केलेलं मराठीत बदलणाऱ्या वेगळ्या प्रोग्राममधून) वापरा. ती लॉक स्क्रीनवर चालत नाही, त्यामुळे तिथे कायम इंग्रजीच राहतं. मी स्वतः हेच करतो.

निवांतपुदिना
मिंटमध्ये फेललॉक आपोआप चालू नसतं. म्हणजे मी म्हणत होतो ते अगदीच गैर नव्हतं.

टर्मिनलबाबा
पासवर्ड मिंटमध्येही मराठीतच गेला असता. खातं बंद झालं नसतं इतकंच.

फोनेटिकप्रेमी
मूळ प्रश्न इनस्क्रिप्टचाच आहे. फोनेटिक घ्या. एस दाबलं की स, एम दाबलं की म. शिकायला वेळ लागत नाही.

दोनबोटीटंकक
फोनेटिकमध्येही पासवर्ड देवनागरीतच गेला असता, उत्तर बदललं नसतं. आणि दिवसभर अनुवाद करणाऱ्या माणसाला इनस्क्रिप्ट सोडायला सांगू नये. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, हात आलटून पालटून पडतात, वेग येतो. १९९१ च्या भारतीय मानकात तोच आराखडा आहे आणि एकदा हातात बसला की हिंदी, गुजराती, कन्नड सगळ्यांना तोच चालतो.

जुनीछपाई
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडे पुस्तकांची जुळणी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत होते. लेखक युनिकोडमध्ये मजकूर देतात, आम्ही तो बदलून घेतो आणि रफार, जोडाक्षरं विस्कटतात. लिनक्सवर हे रूपांतर नीट करणारं काही आहे का? मुद्रितशोधनात दिवस जातात हो. "र्‍या" तर दर पानावर हाताने दुरुस्त करतो.

टर्मिनलबाबा
जुनीछपाई, वेगळा धागा काढा, चांगला प्रश्न आहे. फॉन्टचं नेमकं नाव आणि बिघडलेल्या मजकुराचे दोन-चार नमुने द्या.

शब्दवेल्हाळ
पहिली वाट केली, चालली. क्यूडीबस६ असं लिहावं लागलं. यादीत मराठी पहिलं होतं, ते खाली ओढून इंग्रजी वर घेतलं. फेललॉकमध्ये पाच ठेवले, दहा जास्त वाटले. लिबरऑफिसमध्ये दर दोन मिनिटांनी ऑटोसेव्हही लावलं.

आमच्याच गटातल्या आणखी दोघीजणी मराठीत काम करतात, त्यांनाही हेच होत असणार. त्यांच्याकडे उबुंटू आहे, ग्नोम डेस्कटॉपवालं. तिथे लॉक स्क्रीनवर लेआउट कुठे दिसतो?

दोनबोटीटंकक
उजवीकडे वरच्या पट्टीत "ईएन" किंवा "एमआर" असं येतं, त्यावर क्लिक करून बदलता येतं. सुपर-स्पेसनेही बदलतो.

नवापेठकर
मला पण मदत हवी आहे. माझी पण स्क्रीन लॉक होत नाही, म्हणजे होते, पण झाकण लावलं की होत नाही. अर्जंट.

टर्मिनलबाबा
नवा धागा. कुठलं लिनक्स, कुठला डेस्कटॉप, एक्स११ की वेलँड, हे तीन पहिल्याच ओळीत लिहा.